किनारी गाळात नांदणारी बुरशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राच्या गाळात खरोखरच बुरशी असते का?

असते. खाडीचा चिखल, पुळणीची वाळू, खारफुटीखालचा काळा गाळ आणि उथळ समुद्राचा तळ या सर्व ठिकाणी ती आढळते. समुद्रातील बुरशीची शास्त्रीय नोंदही आजची नाही. भूमध्य समुद्रातील पोसिडोनिया या समुद्री गवताच्या जमिनीलगतच्या खोडावर वाढणाऱ्या एका बुरशीचे वर्णन १८४६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. अडचण आहे ती आपल्या कल्पनेची. बुरशी म्हटले की शिळ्या अन्नावरची लव किंवा पावसाळ्यात ओंडक्यावर उगवलेली छत्री डोळ्यांसमोर येते, आणि गाळात तसे काहीच दिसत नाही. तिथे ती एकपेशीय यीस्टच्या, शेपटीने पोहणाऱ्या सूक्ष्म बीजाणूंच्या, वाळूच्या कणाला चिकटलेल्या काळ्या टिपक्यांच्या किंवा कुजत्या पानाच्या आत शिरलेल्या तंतूंच्या रूपात राहते. हे तंतू साधारणपणे २ ते १० मायक्रोमीटर जाडीचे असतात, त्यामुळे मूठभर चिखल हातात घेऊन पाहणाऱ्याला त्यांचा सुगावाही लागत नाही.

जमिनीवरून वाहत आलेल्या बुरशीला सागरी बुरशी म्हणायचे का?

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरांत तो या ना त्या रूपाने परत येणार आहे. नद्या, गटारे, वारा आणि पाऊस यांच्याबरोबर जमिनीवरील बुरशीचे बीजाणू सतत किनाऱ्यावर येऊन पडत असतात. अशा बीजाणूंचे कवच चिवट असते. ते गाळात दीर्घकाळ निपचित पडून राहतात आणि प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर टाकले की जोमाने उगवतात. म्हणजे गाळात सापडलेली प्रत्येक बुरशी गाळात नांदत असतेच असे नाही.

यान आणि एरिका कोलमायर या बुरशीशास्त्रज्ञ दांपत्याने १९७९ मध्ये जी व्याख्या रूढ केली तिच्यात दोन वर्ग होते. जी बुरशी केवळ समुद्रात किंवा खाडीतच वाढते आणि तिथेच बीजाणू धरते ती बंधनकारक सागरी बुरशी. आणि जी मूळची जमिनीवरची किंवा गोड्या पाण्यातली असूनही समुद्रात वाढू शकते ती वैकल्पिक सागरी बुरशी. ही व्याख्या सुबक आहे, पण ती बीजाणूंची निर्मिती डोळ्यांनी पाहण्यावर अवलंबून असल्यामुळे गाळात बीजाणू न धरता जगणाऱ्या असंख्य प्रकारांना तिच्यात जागाच उरली नाही. म्हणूनच २०१६ मध्ये अधिक व्यापक व्याख्या पुढे आली. सागरी अधिवासातून पुन्हा पुन्हा मिळणारी आणि तिथे वाढण्याचा, सहजीवनाचा, अनुकूलनाचा किंवा चयापचयाचा पुरावा देणारी बुरशी ती सागरी, असे आता मानले जाते. जिवंतपणाच्या पुराव्यावर दिलेला हा भर आमच्या मते योग्य आहे, कारण मूळ गाव कोणते यापेक्षा सध्याचा मुक्काम आणि काम कोणते, हे गाळाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

किनारी गाळात बुरशीचे कोणते गट आढळतात?

बहुतेक पाहण्यांत ॲस्कोमायकोटा हा गट आघाडीवर असतो. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, फ्युझेरियम यांसारख्या जमिनीवरच्या ओळखीच्या प्रजाती यातल्याच; आणि कोरोलोस्पोरा, लुलवर्थिया यांसारख्या अस्सल सागरी प्रजातीही यातल्याच. त्याखालोखाल बॅसिडिओमायकोटा येतो, पण छत्र्यांच्या रूपात क्वचितच. गाळात त्याचे प्रतिनिधी मुख्यतः ऱ्होडोटोरुला, क्रिप्टोकॉकस यांसारखी यीस्ट असतात. माणसाच्या त्वचेवर राहणाऱ्या मॅलॅसेझियाच्या जवळच्या नातलगांचे डीएनए सागरी गाळात वारंवार मिळते, हा अलीकडच्या काळातील एक विलक्षण शोध आहे.

तिसरा गट कायट्रिडिओमायकोटा, म्हणजेच कायट्रिड. यांच्या बीजाणूंना मागे एकच शेपटी असते आणि ते गाळाच्या कणांमधील पाण्यातून पोहत आपला यजमान शोधतात. हा यजमान पुष्कळदा डायटम, म्हणजे सिलिकाचे काचेसारखे कवच असलेले सूक्ष्म शैवाल असते. आर्क्टिकच्या किनारी गाळात आणि समुद्री बर्फात कायट्रिड विपुल आढळले आहेत. यांखेरीज रोझेलोमायकोटासारख्या अतिप्राचीन शाखांचे डीएनए मिळते, ज्यांतील बहुतेक जीव अजून कोणीही काचपट्टीवर पाहिलेले नाहीत.

एकूण जाती किती?

सागरी बुरशीच्या सुमारे १,९०० जातींची आजवर नोंद झाली आहे. सर्व अधिवास मिळून वर्णन झालेल्या बुरशीच्या जाती सुमारे दीड लाख आहेत आणि २०१७ च्या एका प्रसिद्ध अंदाजानुसार पृथ्वीवर प्रत्यक्षात २२ ते ३८ लाख जाती असाव्यात. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला असताना वर्णन झालेल्या जातींत सागरी बुरशीचा वाटा जेमतेम सव्वा टक्का आहे. यावरून समुद्रात बुरशी कमी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. समुद्रात बुरशी शोधणारे फार थोडे आहेत, हे मात्र निश्चित आहे.

खारे पाणी आणि ऑक्सिजनचा अभाव, या दोन्हींत बुरशी तगते कशी?

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यात साध्या पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशी आक्रसते. बुरशी यावर दोन उपाय योजते. एक म्हणजे ग्लिसरॉल, मॅनिटॉल, अरॅबिटॉल यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये पेशीत साठवून आतला दाब बाहेरच्या खारटपणाशी जुळवून घेणे. आणि दुसरा म्हणजे आत शिरलेले सोडियम पेशीपटलातील पंपांद्वारे सतत बाहेर फेकणे. डेबॅरिओमायसिस हॅन्सेनी हे यीस्ट आणि हॉर्टिया वेर्नेकी ही काळी बुरशी यांचा या बाबतीत सर्वाधिक अभ्यास झाला आहे. दुसरी तर मीठ जवळजवळ संपृक्त असलेल्या द्रावणातही वाढू शकते. तिच्या भित्तिकेतील काळ्या मेलॅनिनमुळे ग्लिसरॉल पेशीतून सहजासहजी झिरपत नाही.

ऑक्सिजनची गोष्ट अधिक बिकट आहे. ओहोटीच्या वेळी चिखलवटीत पारदर्शक नळी खुपसून गाळाचा एक दंड बाहेर काढला, तर वरचा तपकिरी थर काही मिलिमीटरच भरतो आणि त्याखाली लगेच राखाडी व मग काळा गाळ सुरू होतो. काळा रंग लोह सल्फाइडचा आणि सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. मऊ चिखलात ऑक्सिजन एवढाच खोल पोहोचतो. खेकड्यांची आणि कृमींची बिळे असतील तिथे मात्र बिळाच्या भिंतीलगत तपकिरी कडा खोलवर उतरलेली दिसते. अनेक बुरशींना ऑक्सिजन लागतोच, त्यामुळे त्या या कडांना आणि वरच्या थराला धरून राहतात. काही यीस्ट किण्वनावर भागवतात. काही बुरशी मात्र ऑक्सिजनऐवजी नायट्रेट किंवा नायट्राइट वापरतात. त्यांचा विचार पुढे केला आहे.

वाळू आणि चिखल यांतील बुरशी वेगवेगळी असते का?

पुष्कळशी वेगळी असते. वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या मोठ्या असतात, लाटांचे पाणी आतून खेळते आणि ऑक्सिजन खोलवर जातो. मात्र कण सतत एकमेकांवर घासत असतात. या घासण्यात टिकून राहण्याची सर्वांत सुंदर युक्ती कोरोलोस्पोरा मॅरिटिमा या बुरशीकडे आहे. भरतीच्या रेषेजवळची वाळू समुद्राच्या पाण्याने ओली ठेवून काही आठवडे ते काही महिने झाकून ठेवली आणि मग भिंगाखाली पाहिली, तर एखाद्या कणाला घट्ट चिकटलेला, मिलिमीटरपेक्षाही बारीक, कोळशासारखा काळा आणि ठिसूळ गोळा दिसतो. ते या बुरशीचे फळ. ते फुटले की आतून दोन्ही टोकांना काटे आणि कमरेभोवती झालर असलेले बीजाणू बाहेर पडतात. ही उपांगे हवेच्या बुडबुड्यांना अडकतात, म्हणून किनाऱ्यावर साचलेला समुद्राचा फेस गोळा करून तपासणे ही वाळूतील बुरशी शोधण्याची जुनी आणि आजही उपयोगी पद्धत आहे. पुळणीवर चालताना आपण ज्या फेसावरून सहज पाय टाकतो, तो या बुरशीच्या पुढच्या पिढीचे वाहन असतो.

चिखलात कण बारीक, सेंद्रिय द्रव्य भरपूर आणि ऑक्सिजन अपुरा असतो. तिथे यीस्ट, कायट्रिड आणि पालापाचोळ्याच्या तुकड्यांत शिरलेली तंतुमय बुरशी यांचे प्रमाण जास्त आढळते. खारफुटीखालच्या गाळात लाकूड आणि पाने सतत पडत असल्याने बुरशीची विविधता विशेष मोठी असते.

ही बुरशी गाळात नेमके काय काम करते?

तिचे मुख्य काम विघटनाचे. खारफुटीचे लाकूड, समुद्री गवताची पाने आणि नद्यांबरोबर आलेला काडीकचरा यांत लिग्निन आणि सेल्युलोज असते, आणि लिग्निन फोडणे फार थोड्या जीवांना साधते. बुरशी लॅकेज, पेरॉक्सिडेज, सेल्युलेज यांसारखी विकरे पेशीबाहेर सोडून अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. तंतू लाकडाच्या आत घुसत असल्यामुळे जिवाणूंना जिथे केवळ पृष्ठभाग मिळतो, तिथे बुरशी गाभ्यापर्यंत पोहोचते. तिने पोखरलेल्या तुकड्यांत मग जिवाणू, गोलकृमी आणि इतर सूक्ष्मप्राणी शिरतात. सागरी पाण्यात भिजलेल्या लाकडावर बुरशीमुळे येणाऱ्या कुजीला मऊ कूज म्हणतात, कारण लाकडाचा बाहेरचा थर नखाने खरवडता येईल इतका मऊ पडतो.

परजीवी बुरशीचे काम याहून वेगळे, पण तितकेच मोलाचे आहे. कायट्रिड एखाद्या मोठ्या डायटमला मारते तेव्हा त्या डायटममधील अन्न बीजाणूंच्या रूपाने बाहेर येते. जे डायटम आकारामुळे सूक्ष्मप्राण्यांना गिळता येत नाही त्याचा पोषक भाग अशा रीतीने लहान घासांत वाटला जातो. तलावांमध्ये हे २००७ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले आणि किनारी पाण्यातही असेच घडत असावे असे मानायला चांगला आधार आहे.

गाळात जिवाणू इतके असताना बुरशीला महत्त्व का द्यावे?

संख्येच्या हिशोबात बुरशी जिवाणूंपुढे नगण्यच ठरते. किनारी गाळाच्या एका घन सेंटीमीटरमध्ये जिवाणू सुमारे १०० कोटींच्या घरात असतात. ऑक्सिजनविरहित थरांत सेंद्रिय कार्बनच्या विघटनाचा मोठा वाटा सल्फेट वापरणारे जिवाणूच उचलतात, हेही खरे. पण डोकी मोजून कामाची वाटणी कळत नाही. चिवट द्रव्याचा पहिला तुकडा कोण पाडतो, यावर पुढच्या सर्वांचे जेवण अवलंबून असते, आणि खारफुटीच्या किंवा समुद्री गवताच्या परिसरात तो तुकडा पाडण्यात बुरशीचा हात मोठा असतो.

नायट्रोजनच्या चक्राशी या बुरशीचा काय संबंध आहे?

विनायट्रीकरण, म्हणजे नायट्रेटचे टप्प्याटप्प्याने वायुरूप नायट्रोजनमध्ये रूपांतर, हे काम केवळ जिवाणूंचे आहे असे दीर्घकाळ समजले जाई. जपानमध्ये हिरोफुमी शौन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीत ही क्षमता दाखवून दिली. गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या सागरी गाळातून वेगळ्या केलेल्या बुरशी ऑक्सिजनविरहित स्थितीत विनायट्रीकरण करतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

यात एक मेख आहे. जिवाणूंकडे नायट्रस ऑक्साइडचे नायट्रोजनमध्ये रूपांतर करणारे शेवटचे विकर पुष्कळदा असते; बुरशीकडे ते नसते. त्यामुळे बुरशीची साखळी नायट्रस ऑक्साइडवरच थांबते. हा वायू १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो. शेतातील खते आणि सांडपाणी यांमुळे नायट्रेटने लदलेल्या खाड्यांच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर ठरते.

बुरशीने सोडलेला वायू ओळखायचा कसा, यालाही उत्तर आहे. नायट्रस ऑक्साइडच्या रेणूत दोन नायट्रोजन अणू एका ओळीत असतात, एक मध्ये आणि एक टोकाला. बुरशीने तयार केलेल्या वायूत जड नायट्रोजन, म्हणजे नायट्रोजनचा अधिक वस्तुमानाचा समस्थानिक, मधल्या जागी जास्त आढळतो. जिवाणूंच्या विनायट्रीकरणातून आलेल्या वायूत तसा ठळक कल नसतो. या खुणेच्या आधारे २०१७ मध्ये नायट्रोजनच्या भाराखालील किनारी गाळातून बाहेर पडणाऱ्या वायूत बुरशीचा आणि लोहाच्या रासायनिक अभिक्रियांचा वाटा असल्याचा पुरावा मांडला गेला. येथे कोण हजर आहे याऐवजी कोण काम करते आहे हे थेट मोजले गेले, म्हणून हे संशोधन आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते.

बुरशी शोधण्याच्या पद्धती कोणत्या, आणि डीएनएच्या यादीवर किती विश्वास ठेवावा?

जुनी पद्धत संवर्धनाची. गाळ समुद्राच्या पाण्यात बनवलेल्या पोषक माध्यमावर पसरतात, जिवाणू दबून राहावेत म्हणून स्ट्रेप्टोमायसिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉलसारखे प्रतिजैविक मिसळतात आणि वाट पाहतात. या पद्धतीत वेगाने वाढणाऱ्या ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमची सरशी होते, आणि सावकाश वाढणारी अस्सल सागरी बुरशी त्यांच्याखाली दबून जाते. आमिषाची पद्धत अधिक निवडक आहे. लाकडाचे तुकडे महिनोन् महिने पाण्यात टांगून ठेवले की लाकूड खाणारी बुरशी मिळते. पाइन वृक्षाचे परागकण गाळाच्या पाण्यावर शिंपडले की कायट्रिड त्यांवर येऊन बसतात.

नवी पद्धत डीएनए वाचनाची. आयटीएस हा जनुकीय पट्टा २०१२ मध्ये बुरशीची ओळखखूण म्हणून औपचारिकपणे सुचवला गेला आणि त्यामुळे एका चमचाभर गाळातून शेकडो प्रकारांची यादी हाती येऊ लागली. मात्र ही यादी वाचताना तीन गोष्टींचे भान हवे. वापरलेले प्रायमर, म्हणजे हवा तो पट्टा शोधून त्याच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, कायट्रिडसारख्या प्राचीन शाखांना पुष्कळदा पकडत नाहीत, त्यामुळे त्यांचे प्रमाण खरे असते त्याहून कमी दिसते. एका पेशीत या पट्ट्याच्या प्रती किती असतात ते जातीनुसार बदलते, त्यामुळे वाचनांची संख्या म्हणजे जीवांची संख्या नव्हे. आणि मेलेल्या पेशींचे डीएनए गाळाच्या कणांना चिकटून दीर्घकाळ टिकते. यासाठी अनेक अभ्यासक डीएनएबरोबर आरएनएही तपासतात, कारण आरएनए लवकर नष्ट होते आणि त्याची उपस्थिती हा अलीकडच्या जिवंतपणाचा बराच भरवशाचा पुरावा असतो.

गाळातील तंतुमय आणि शेपटीवाला प्रत्येक जीव बुरशीच असतो का?

नाही. थ्रॉस्टोकायट्रिड, लॅबिरिन्थुला आणि ऊमायसीट हे दिसायला व वागायला बुरशीसारखे असले तरी त्यांचे नाते तपकिरी शैवाल आणि डायटम यांच्याशी आहे. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर १९३० च्या दशकात समुद्री गवताची कुरणे ज्या रोगाने उजाड झाली, त्याच्याशी जोडला जाणारा लॅबिरिन्थुला झोस्टेरी हा जीव याच गटातला आहे.

तेलगळतीनंतर बुरशीचे काय होते?

काही बुरशी तेलातील हायड्रोकार्बन खाऊ शकतात, त्यामुळे तेल आल्यावर समुदायाचा तोल त्यांच्या बाजूने झुकतो. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या खोदकाम मंचावरील अपघातानंतर तेलविहिरीतून गळती झाली. तेल किनाऱ्याला लागण्यापूर्वी आणि त्यानंतर काही महिन्यांनी घेतलेल्या किनारी गाळाच्या नमुन्यांची तुलना करताना असे दिसले की आधी गोलकृमींसह नाना प्रकारच्या सूक्ष्मप्राण्यांनी भरलेल्या समुदायाच्या जागी बुरशीचे प्राबल्य आले होते. किनारा त्या वेळी वरून बराच स्वच्छ दिसत होता. बदल दिसला तो गाळाच्या डीएनएत.

वाळूतील किंवा चिखलातील बुरशीपासून माणसाला धोका आहे का?

निरोगी व्यक्तीला सहसा नाही. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी आणि उघडी जखम असलेल्यांनी सांडपाणी मिसळणाऱ्या किनाऱ्यावर काळजी घ्यावी, कारण वाळूत कॅन्डिडा, ॲस्परजिलस आणि त्वचारोग घडवणाऱ्या बुरशी आढळतात. हॉर्टिया वेर्नेकीमुळे तळहातावर किंवा तळपायावर काळसर चट्टा उठतो, तो वेदनारहित असतो आणि उपचाराने जातो. रुग्णालयांत चिंतेचा विषय ठरलेले कॅन्डिडा ऑरिस हे यीस्ट २०२१ मध्ये अंदमानच्या एका खाऱ्या दलदलीतून आणि एका वाळूच्या किनाऱ्यावरून मिळाले. हे निसर्गातून त्याच्या विलगीकरणाचे पहिले उदाहरण होते, पण ते तिथले मूळचे रहिवासी की माणसाबरोबर आलेले, हा प्रश्न त्यातून सुटला नाही.

सागरी जीवांनाही अशी बाधा होते. ॲस्परजिलस सिडोवी या मातीतल्या बुरशीने १९९० च्या दशकात कॅरिबियन समुद्रातील पंखाकृती प्रवाळांमध्ये रोग पसरवला.

या बुरशीपासून औषधे मिळतात का?

मिळाली आहेत. जोसेप्पे ब्रोत्सू यांनी १९४५ मध्ये सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे, सांडपाणी समुद्राला मिळते त्या जागेजवळून एक बुरशी वेगळी केली. तिच्यापासून पुढे ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी सेफॅलोस्पोरिन सी हे द्रव्य मिळवले, आणि त्यातूनच आज जगभर वापरले जाणारे सेफॅलोस्पोरिन वर्गातील प्रतिजैविक घडले.

बुरशी गाळात किती खोलवर असते?

किनारी चिखलात ती वरच्या काही सेंटीमीटरमध्ये सर्वाधिक असते. पण खोलीची सीमा याहून कितीतरी पुढे आहे. जपानच्या शिमोकिता द्वीपकल्पाजवळ समुद्रतळाखाली सुमारे २ किलोमीटर खोलीवरील, २ कोटी वर्षांहून जुन्या कोळसायुक्त थरांतून शिझोफायलम कम्यून ही लाकूड कुजवणारी बुरशी जिवंत वेगळी करण्यात आली आहे.

नमुना घ्यायचा असल्यास काय काळजी घ्यावी?

ओहोटीच्या वेळी निर्जंतुक नळीने गाळाचा उभा दंड काढावा, म्हणजे थर एकमेकांत मिसळत नाहीत. नळीच्या भिंतीला घासलेला बाहेरचा गाळ टाकून मधला भाग घ्यावा आणि वरचा तपकिरी थर व खालचा काळा थर वेगळे ठेवावेत. आरएनए तपासायचे असेल तर नमुना जागेवरच गोठवावा किंवा त्याच्या संरक्षक द्रावणात टाकावा; संवर्धन करायचे असेल तर तो गोठवू नये, थंड ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत न्यावा. वेळ, क्षारता, तापमान आणि खोली यांची नोंद नमुन्याबरोबरच करावी. आणि गाळ न घातलेली एक रिकामी नळी त्याच वेळी उघडून, त्याच रीतीने बंद करून, पुढच्या सर्व टप्प्यांतून बाकीच्या नमुन्यांबरोबर न्यावी. असा कोरा नमुना नसेल, तर यादीत आलेले पेनिसिलियम गाळातले होते की हवेतले, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.